सायकल कोणाच्या पायानें निवडावी?

दसऱ्याच्या आधींचा आठवडा होता. आमच्या पुतणीस शिवाजीनगरांत नवी नोकरी लागली होती, आणि कोथरुडाहून सुमारें सहा किलोमीटरांचा तो रस्ता आपण सायकलनेंच कापावयाचा असा तिनें निश्चय केला होता. तिचा धाकटा भाऊ कॉलेजांत आहे. त्यास रविवारीं सकाळीं मित्रांबरोबर टेकड्यांच्या मातीच्या वाटांवर सायकल हांकण्याचें वेड. घरांतील दोन स्कूटरींनीं व एका मोटारीनें दारापुढची जागा आधींच अडविलेली. तेव्हां सायकल एकच यावी, बहिणीनें ती आठवडाभर कचेरीस न्यावी, भावानें रविवारीं टेकडीवर न्यावी, निम्मे पैसे तिच्या पहिल्या पगारांतले व निम्मे घरच्या शिलकेंतले असावेत, आणि एकंदर खर्च दहा हजारांच्या आंत राहावा, असें आमच्या थोरल्या बंधूंनीं ठरवून टाकलें. पुढची चौकशी त्यांनीं नेहमींप्रमाणें आमच्या गळ्यांत घातली. "मासिकांत लोकांना सल्ले देतोस ना? मग एकदां घरच्यांनाहि दे," एवढेंच ते म्हणाले.

सल्ला देण्याचा हा अधिकार आम्हीं चार वर्षांपूर्वींच गमावला होता, हें येथें प्रथम कबूल केलें पाहिजे. पुतण्या तेव्हां नववींत होता. त्याच्या वाढदिवसास आम्हीं मोठ्या हौसेनें एक सायकल आणली. तिला एकवीस गिअर होते, पुढच्या चिमट्यांत धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा होत्या, रंग तर असा कीं, शेजारचीं मुलें जिन्यांत उभीं राहून पाहात. किंमत मात्र आश्चर्य वाटावें इतकी थोडी. दुकानांत आम्हीं गिअर मोजले, स्प्रिंगा दाबून पाहिल्या, घंटीहि वाजवून पाहिली; फक्त ब्रेक दाबून पाहिला नाहीं. पहिल्या पावसाळ्यांत गिअरच्या तारा गंजल्या, दुसऱ्यांत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा सांधा वांकला, आणि त्याच पावसाळ्यांत एके सकाळीं टेकडीच्या उतारावर ब्रेकची मूठ हँडलास टेकली तरी सायकल थांबेना. मुलाचें मनगट मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें होता. त्या दिवशीं घरांत आम्हांस कोणी एक शब्दहि बोललें नाहीं, आणि तें न बोलणेंच अधिक बोंचलें. सायकल अजून जिन्याखालीं आहे. तिच्यावर जुन्या गाद्या ठेवतात.

म्हणून यंदा आम्ही प्रथम हिशेब करावयास बसलों. सायकलीच्या किंमतींत चाकें, छऱ्यांचीं बेअरिंगें, सांगाडा, ब्रेक व टायर यांचा वांटा असतो. एकवीस गिअर लावावयाचे म्हणजे पुढें तीन व मागें सात चक्रें, दोन सांधे, दोन मुठी व त्यांच्या तारा इतका संसार वाढतो. ज्या कारखानदारास तो थोड्या किंमतींत बसवावयाचा असतो, त्यास कोठें तरी हात आंखडता घ्यावा लागतो. आणि तो आंखडलेला हात गिऱ्हाइकास दिसत नाहीं अशाच ठिकाणीं फिरतो. उलट एकाच गिअरची सायकल घेतली तर बिघडण्याजोग्या वस्तूच कमी होतात, आणि तेवढेच पैसे चाकांत व ब्रेकांत पडतात. पावसांतून व चिखलांतून जाणाऱ्या सायकलीस हा लाभ लहान नव्हे.

"पण काका, एका गिअरवर टेकडी चढतां येते का?" पुतण्यानें ताबडतोब विचारलें. प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर आम्हीं त्यास फ्रान्सच्या इतिहासांतून दिलें. 'टूर दि फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गिअरला त्या शर्यतींत परवानगी मिळाली ती १९३७ सालीं! तोंपर्यंत स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळ्या दात्यांचीं चक्रें बसवीत, आणि घाटाच्या पायथ्याशीं खालीं उतरून चाक काढून उलटें लावीत. १९१० सालीं ही शर्यत प्रथमच पिरेनीज पर्वतांतील तूरमाले या २,११५ मीटर उंचीच्या खिंडीवरून नेण्यांत आली. रस्ता कच्चा, दगडगोट्यांचा. ऑक्ताव्ह लापीझ हा स्पर्धक त्या चढावर सायकल ढकलीत पायीं चालला, आणि त्या वर्षींची शर्यतहि त्यानेंच जिंकली. तेव्हां चढ फार कठीण झाला तर उतरून चालण्यांत कमीपणा नाहीं, आणि गिअर एकच असला तरी तो कोणता निवडला यावर सर्व कांहीं अवलंबून आहे, हे दोन धडे या गोष्टींतून घ्यावयाचे.

तो कोणता निवडावा याचें गणित शाळेंतल्या मुलासहि जमेल असें आहे. पुढच्या चक्राचे दाते मोजावे, त्यांस मागच्या चक्राच्या दात्यांनीं भागावें, आणि उत्तरास चाकाच्या इंचांतल्या व्यासानें गुणावें. येणाऱ्या आंकड्यास सायकलवाले गिअरचे इंच म्हणतात. हें माप त्या जुन्या उंच चाकाच्या सायकलींवरून आलें आहे. तींत पायडल पुढच्या चाकासच जोडलेलें असे, आणि चाक जितकें मोठें तितकी एका फेऱ्यांत मजल मोठी. चेनची व दोन सारख्या चाकांची सायकल १८८५ सालीं जॉन केम्प स्टार्लीनें लोकप्रिय केली व तें उंच चाक अडगळींत गेलें. माप मात्र राहिलें.

आतां आमचें उदाहरण घ्या. बाजारांत आम्ही पाहिलेल्या एका साध्या सायकलीचीं चाकें २६ इंचांचीं, पुढें ४४ दाते व मागें १८ होते. हिशेब सुमारें साडेत्रेसष्ट इंचांचा येतो. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यांत सायकल पांच मीटरांहून किंचित् पुढें जाते. मिनिटास साठ फेरे हा सामान्य माणसाचा सुखाचा वेग धरला, तर ताशीं अठरा किलोमीटरांवर जातां येतें. सपाट रस्त्यास हें उत्तम. पण टेकडीच्या मुरमाड चढावर, जेथें चाकाखालीं सुटे खडे सरकतात, तेथें हाच गिअर गुडघ्याशीं भांडण काढतो. मागचें चक्र १८ ऐवजीं २२ दात्यांचें घातलें, तर हिशेब बरोबर ५२ इंचांवर येतो. पुढचे दाते मागच्यांच्या दुप्पट. २६ इंची चाकांवर मातीच्या वाटा हिंडणारे एकगिअरी सायकलस्वार ज्या प्रमाणापासून आरंभ करतात तें हेंच. एका फेऱ्यास चार मीटर पंधरा सेंटिमीटर, आणि त्याच साठ फेऱ्यांनीं ताशीं सुमारें पंधरा किलोमीटर.

हा आंकडा ऐकतांच घरांत दोन पक्ष पडले, आणि गंमत अशी कीं, ते उलटे पडले. ज्यास टेकडी चढावयाची होती तो पुतण्याच "अठरा दाते राहूं द्या, नाहीं तर मित्र पुढें निघून जातील," म्हणून हट्ट धरून बसला, आणि जिला सपाट रस्त्यानें कचेरीस जावयाचें होतें ती पुतणी म्हणाली, "वाटेंत उड्डाणपूल आहे, सिग्नलला दर वेळीं थांबून पुन्हां निघावें लागतें, पाठीवर डब्याची पिशवी असते, मला हलकाच गिअर द्या." तेव्हां आम्हीं कागद पुढें ओढला. सहा किलोमीटरांस अठरा दात्यांनीं वीस मिनिटें, वीस दात्यांनीं बावीस, बावीस दात्यांनीं चोवीस. शहरांत सिग्नल व गर्दी यांत जो वेळ जातो त्यापुढें हा फरक तो काय? आणि पाय थोडे चपळ चालविले, मिनिटास साठाऐवजीं सत्तर फेरे घेतले, तर त्यांतला बहुतेक भरूनहि निघतो. सारा वाद चार मिनिटांचा होता! वेगाचा लोभ आपल्याला केवढ्या थोड्या लाभासाठीं केवढा भार उचलावयास लावतो, हें कागदावर मांडल्याशिवाय कळत नाहीं.

गिअरचें ठरलें, तरी सायकल ठरली नव्हती. थोरल्या बंधूंचा कौल आपल्या वडिलांच्या वेळच्यासारख्या काळ्या, उंच, दांडीच्या सायकलीस होता. तिच्याविषयीं आमच्या मनांतहि माया आहे. दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत एके काळीं साऱ्या पुण्यास तिनें वाहून नेलें. पण तिचीं २८ इंची चाकें बारीक टायरांचीं; मातीच्या वाटेस लागणारा रुंद, खांचांचा टायर तिच्या चिमट्यांत बसत नाहीं. शिवाय तिचे सळयांचे ब्रेक पोलादी रिमवर दाबले जातात, आणि पोलादी रिम पावसांत भिजली कीं ब्रेकचें रबर तिच्यावरून घसरतें. पुतण्यास आवडलेली दुसरी सायकल अगदीं बारीक टायरांची, वाकड्या हँडलाची व चपळ होती. ती डांबरी रस्त्याची राणी, मुरमावर मात्र परकी. एकाच सायकलीनें दोन्ही वाटा चालावयाच्या तर २६ इंचांचीं चाकें व सुमारें दोन इंच रुंदीचे टायर बरे. त्यांस लागणाऱ्या ट्यूबा व टायर लहान गांवच्या दुकानांतहि मिळतात, आणि ही सोय वाटेंत पंक्चर झाल्याखेरीज कोणास आठवत नाहीं. थोड्या किंमतीच्या स्प्रिंगांच्या चिमट्यापेक्षां साधा घट्ट चिमटा आम्हांस अधिक विश्वासाचा वाटतो. वजन वाढत नाहीं, आणि बारीकसारीक धक्के रुंद टायरच पुष्कळसे झेलतो.

मागचें चाक ज्या खांचेंत बसतें ती आडवी व लांब आहे कीं नाहीं, हेंहि अवश्य पाहावें. एका गिअरच्या सायकलीस चेन ताणून धरणारा वेगळा सांधा नसतो. चाक मागेंपुढें सरकवूनच चेनचा ताण साधावा लागतो. चेन मधोमध बोटानें दाबली असतां सुमारें अर्धा इंच हलावी. मागच्या चक्राचे दोन दाते वाढविले तर चाक पाव इंच पुढें घ्यावें लागतें. खांच पुरेशी लांब असेल, तर चेन न बदलतां एकाच सायकलीवर अठरा, वीस व बावीस दात्यांचीं फ्रीव्हीलें आलटून पालटून चालतात. हेंच गरिबाचें गिअर. पान्हा दुकानदाराकडे असतो, आणि काम चहा पिऊन होईतों आटोपतें.

हें सारें टिपण आम्हीं रात्रीं जेवणानंतर मोठ्यानें वाचून दाखविलें. वहिनी ओट्याजवळ आवराआवर करीत होत्या. चार वर्षांपूर्वींच्या त्या पडण्यानंतर सायकल हा शब्द निघाला कीं त्या खोलींतून उठून जात. त्या दिवशीं गेल्या नाहींत. वाचन संपल्यावर त्यांनीं हात पुसले आणि विचारलें, "भाऊजी, एवढें सगळें लिहिलेंत, पण हिची दांडी उंच आहे कीं उतरती? माझे पाय टेकतील का?"

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग त्यांच्या सासूबाईंनीं, म्हणजे आमच्या मातुःश्रींनीं, आंतून सांगितलें, "अरे, ती लग्नाआधीं रोज कॉलेजला सायकलनेंच जात होती. तुम्ही कधीं विचारलेंतच नाहीं." पंचवीस वर्षें ज्या घरांत आम्ही एकत्र राहिलों, त्या घरांतली सर्वांत अनुभवी सायकलस्वार कोण हें आम्हांस त्या रात्रीं कळलें. आणि घरांतल्या एका सायकलीचा विचार करतांना आम्हीं दोनच माणसें धरलीं होतीं, हेंहि कळलें.

दुसऱ्या दिवशीं दुकानांत आमच्याबरोबर वहिनी आल्या. त्यांनीं गिअरहि पाहिला नाहीं आणि रंगहि पाहिला नाहीं. प्रथम पर्समधून फ्रिजवर चिकटविण्याचा एक छोटा लोहचुंबक काढला व रिमवर लावून पाहिला. पोलादी रिमला तो चिकटतो, अल्युमिनियमच्या रिमला चिकटत नाहीं. रात्रीं वाचलेल्या टिपणांतील पोलादी रिमची तक्रार त्यांनीं लक्षांत ठेवली होती. दोन सायकली तेथेंच बाद झाल्या. तिसरीची मागची मूठ त्यांनीं गच्च दाबून सायकल पुढें लोटली, चाक जागच्या जागीं घसरलें. मग पुढची मूठ दाबून लोटली, तों मागचें चाक जमिनीवरून उचललें गेलें. मूठ मात्र हँडलापासून दोन बोटें दूरच थांबली. "हें त्या वेळीं पाहिलें असतेंत तर," एवढेंच त्या हळूच म्हणाल्या आणि वाक्य तेथेंच सोडलें. चार वर्षें न बोललेला शब्द तो एवढाच होता.

मग एक एक करून तिघांनीं सायकलीवर उभें राहून पाहिलें. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले असतां डांबरी रस्त्यासाठीं दांडीच्या वर इंचभर आणि मातीच्या वाटेसाठीं निदान दोन इंच मोकळे राहावेत, असा नियम आहे. उतरत्या दांडीची ती सायकल तिघांत सर्वांत ठेंगण्या असलेल्या वहिनींस बरोबर बसली. सीट वर घेतली कीं पुतण्याचेंहि काम झालें. मोठ्या माणसास लहान सांगाडा थोडाफार जुळवून घेतां येतो. लहान माणसास मोठा सांगाडा मात्र कधींच जुळत नाहीं. सीटची उंची ठरविण्याची सोपी रीत अशी कीं, पायडल अगदीं खालीं असतांना त्यावर टांच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला कीं गुडघा आपोआप जरासा वांकतो, तोच योग्य. तिघांच्या खुणा आम्हीं सीटच्या नळीवर रंगीत चिकटपट्टीनें करून ठेवल्या आहेत. पुतणीची लाल, पुतण्याची निळी, वहिनींची हिरवी.

सायकल साडेआठ हजारांस पडली. उरलेल्या पैशांत दोन्ही मडगार्ड, मागें कॅरियर, पुढें-मागें दिवे, एक दणकट कुलूप आणि एक शिरस्त्राण घेतलें. शिरस्त्राणावर पुतण्यानें तोंड वाकडें केलें. त्यास वहिनींनीं त्याच्या मनगटाकडे नुसतें पाहिलें. मागें वीस दात्यांचें फ्रीव्हील बसवून घेतलें, बहीण-भावांचा तह म्हणून. पायडलें बसवितांना डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, तें उजवीकडे फिरवून घट्ट होत नाहीं, हें आम्ही दुकानांतल्या नव्या पोरास सांगणारच होतों, पण तो आमच्याहून जाणता निघाला. पंधरा दिवसांनीं सायकल पुन्हां नेऊन सर्व नट आवळून घेण्याचें मात्र कबूल करवून घेतलें. नव्या तारा ताणतात, नवे सांधे बसतात. ही दुसरी भेट चुकविणाऱ्याची सायकल लौकर खिळखिळी होते.

तीन रविवार गेले. चौथ्या शनिवारीं संध्याकाळीं पुतण्या आपणहून म्हणाला, "काका, बावीस दात्यांचें फ्रीव्हील कोठें मिळतें?" मित्र पुढें निघून जातात का, हें आम्हीं विचारलें नाहीं. त्यानेंच सांगितलें कीं, गिअर बदलीत चढणारे मित्र वर जाऊन थांबतात, आणि वाटेंत पायीं फिरावयास आलेल्या आजोबांना वाट देण्यासाठीं थांबल्यावर पुन्हां निघणें वीस दात्यांनीं जड जातें. पुतणीस विचारलें, ती म्हणाली, "दोनच मिनिटें ना? बदला." फ्रीव्हील मागवावें लागलें, पण मिळालें. चाक पाव इंच पुढें सरकलें, आणि घरचा तह पक्का झाला.

वाचकहो, या महिन्याचा आमचा सल्ला एवढाच कीं, एका कुटुंबासाठीं एक साधी सायकल घेतांना सर्वांत बळकट पायाचा वेग धरूं नका. सर्वांत कठीण चढ आणि सर्वांत लहान बांधा धरा. बळकट पाय हलक्या गिअरशीं जुळवून घेतील, त्यास चार मिनिटें पुरतात. आणि यादी करावयास बसण्यापूर्वीं स्वयंपाकघरांत एकदां विचारून या. आमच्याकडे आतां बुधवारीं कचेरीला सुटी घेऊन पुतणी घरून काम करते. त्या दिवशीं सकाळीं सीट हिरव्या खुणेवर असते, आणि मंडईंतली भाजी कॅरियरवरून येते.